फोटोतला बॅन्जो मिरवणुकीतला नाही, आणि त्याच्यावर कोमल गंधारही वाजतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची मिरजेची, सध्या लेकीकडे अमेरिकेत शार्लटला आलेय, सहा महिन्यांसाठी. इथे शनिवारी संध्याकाळीच तुमचा रविवारचा ई-पेपर उघडतो, त्यामुळे गावाकडच्या मैत्रिणी उठायच्या आधी माझी पुरवणी वाचून झालेली असते, तेवढाच एक फायदा. तर विसर्जनानंतरच्या रविवारी बेंजो पार्ट्यांवर तुम्ही जो लेख छापला तो मनापासून आवडला. रात्र रात्र वाजवणारी पोरं, ट्रॉलीवरचा जनरेटर, सुपारी ठरवताना होणारी घासाघीस, सगळं अगदी डोळ्यासमोर आलं. पण वर फोटो कुणाचा लावलाय? गोल डफासारखं तोंड, लांब दांडा, पाच तारा. अहो तो अमेरिकन बॅन्जो आहे, आपला बेंजो नाही! नाव एक म्हणून इंटरनेटवरून उचलून लावला असणार, हे कळतं, पण लेखाच्या शेवटी लेखकाने अजून एक वाक्य टाकलंय की बॅन्जो हे मुळातच आनंदाचं वाद्य, त्यावर दुःखी सूर निघत नाहीत, आणि ते वाचून मात्र राहवेना. कारण गेले दोन महिने मी त्या फोटोतल्याच वाद्यावर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मायनर कॉर्ड (तीन-चार सूर एकदम वाजवायचे, ऐकायला उदास) वाजवायला शिकतेय, आणि डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेत.

आधी आपल्या बेंजोचं सांगते. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, उजव्या हातात पट्टी घेऊन छेडायचं. हा मूळचा जपानचा, तिकडे तैशोगोतो म्हणतात, १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने काढला, आणि इकडे येऊन त्याला मॅग्नेट बसला, अँप्लिफायर लागला, आणि तो थेट मिरवणुकीत गेला. माझ्या चुलतभावाकडे एक होता, लाकडी पेटीतला, आम्ही पोरं त्याची दोन बटणं एकदम दाबून बघायचो, तर आवाज एकाच सुराचा यायचा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या जवळचं बटण जिंकतं, दुसरं दाबलंय की नाही काही फरक पडत नाही. म्हणजे बटणांवर धुन वाजवायची, एका वेळी एक सूर, बाजूच्या तारा नुसत्या साथीला. मायनर कॉर्ड तिथे बटणांनी धरताच येत नाही, प्रश्नच मिटला.

फोटोतल्या बॅन्जोवर मात्र प्रश्न मिटत नाही, उलट तिथूनच सुरू होतो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात (मीही आजीच आहे म्हणा, पण ते ऐंशीच्या पुढचे). संध्याकाळी मागच्या अंगणात बॅन्जो घेऊन बसतात. बोटात प्लास्टिकच्या नख्या वगैरे काही नाही, नुसती मूठ अर्धवट मिटून नखाने तारेवर वरून खाली टकटक मारतात आणि मध्येमध्ये अंगठ्याने सगळ्यात वरची आखूड तार टिंग करून सोडतात. ती आखूड तार दांड्याच्या पाचव्या पडद्यापाशीच (पडदे म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) सुरू होते, तिची खुंटी पण तिथेच, दांड्याच्या कडेला खोचलेली. मी बघितलं आणि लेकीला म्हटलं, अगं ही तर चिकारी! सतारीला कडेला खुंट्या असतात ना, सारखा वरचा सा देत राहणाऱ्या तारांच्या, अगदी तेच काम. माहेरच्या मागच्या गल्लीत तंतुवाद्यं करणारी घरं होती, लहानपणापासून खुंट्या, घोड्या, जव्हारी हे शब्द कानावर पडलेत, स्वतः मात्र मी फक्त पेटी वाजवते, आमच्या भजनी मंडळात, तीस वर्षं. आजोबांनी माझं हे निरखणं बघितलं आणि सरळ बॅन्जोच हातात दिला.

पहिल्यांदा उघड्या तारा छेडल्या. काही दाबायचं नाही, नुसता हात फिरवायचा, आणि छान सुरेल कॉर्ड वाजते. त्याला म्हणतात ओपन जी. मोबाइलवर पेटीचं ॲप होतं, सूर जुळवून बघितले तर जी म्हणजे पांढरी पाच, पेटीची पाचवी पांढरी पट्टी. आता पांढरी पाचला सा धरा आणि बॅन्जोच्या तारा खालच्या सुरापासून वर मोजा: चौथी तार मंद्र, म्हणजे खालचा, पंचम, तिसरी सा, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम, आणि ती आखूड पाचवी तार वरचा सा. प, सा, ग, प, सां. अहो हा तंबोराच लावून ठेवलाय की, नुसता एक गंधार जास्तीचा. कुणी हे मला आधी सांगितलं असतं तर माझे पुढचे तीन आठवडे वाचले असते, पण आजोबांना सारेगम माहीत नाही आणि मला कॉर्ड माहीत नाही, आमचं सगळं बोटं दाखवून चाललेलं.

त्यांनी मला कागदावर चार आकडे लिहून दिले. २-२-१-२. म्हणजे चौथी तार दुसऱ्या पडद्यावर दाबायची, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर, पहिली परत दुसऱ्यावर. ही ए मायनर. वाचायला सोपं वाटतं! चार तारा, चार बोटं, करंगळीसकट. पेटीवर करंगळी आम्ही फारशी वापरत नाही, तिला कामाची सवयच नाही, तिला पहिल्या तारेवर उभं केलं की ती अनामिकेच्या अंगावर रेलायची. त्यात अंगठ्याशेजारचं बोट दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यात ठेवलं की त्याचा मांसल भाग पहिल्या तारेला टेकायचा, आणि छेडलं की ट्यांग ट्यांग ट्यांग ठप. नेहमी चौथा आवाज ठप. पाच दिवस मी ठप वाजवत होते, नातू खोलीतून ओरडायचा आजी परत ठप झालं. शेवटी काय केलं ते सांगते, कुणी शिकत असेल तर उपयोगी पडेल: डाव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापली, अंगठा दांड्याच्या मागे मधोमध आणला, मनगट जरा पुढे काढलं म्हणजे बोटं कमानीसारखी उभी टेकतात, आणि बोट पडद्यांच्या मधोमध न ठेवता पुढच्या पडद्याला अगदी चिकटून, त्याच्या मागच्या कडेला ठेवलं. तिथे निम्म्या जोरात काम होतं. बॅन्जोच्या तारा तशा बारीक आणि नरम असतात, जास्त जोर लावला तर सूर चढतो, म्हणजे बेसूर पण आपणच करून घ्यायचं. सहाव्या दिवशी चारही तारा वाजल्या. बॅन्जोचा आवाज लवकर विरतो, पेटीसारखा धरून ठेवता येत नाही, त्यामुळे ती कॉर्ड आली आणि गेली, पण जेवढी राहिली तेवढ्यात घरातल्या सगळ्यांनी मान वर केली.

पण खरं सांगू का, वाजली तरी कळली नव्हती. आकडे पाठ होते एवढंच. ती उदास का वाटते, कुठल्या तारेमुळे वाटते, काही पत्ता नाही.

आणि मग एका दुपारी आजोबांनी ए मेजर दाखवली. त्यात तर काहीच नाही, एकच बोट आडवं टाकून चारही तारा दुसऱ्या पडद्यावर दाबायच्या, २-२-२-२. मी एकदा ती वाजवली, एकदा मायनर वाजवली, परत ती, परत मायनर, आणि बघते तर तीन तारा जागच्या हलतच नाहीत! बदलते ती फक्त दुसरी तार, एक पडदा मागे येते. आता ए ला, म्हणजे पांढरी सहाला सा धरला तर दुसऱ्या तारेवर काय आहे? गंधार. तो एक घर मागे आला म्हणजे काय झालं? कोमल गंधार. संपलं! सा, ग, प म्हणजे मेजर आणि सा, कोमल ग, प म्हणजे मायनर. तीस वर्षं पेटीवर जो सूर मी डोळे मिटून लावते तो मला इथे २-२-१-२ असा टेलिफोन नंबर म्हणून पाठ करायला लागला होता. हसावं का रडावं कळेना, मी दोन्ही थोडं थोडं केलं.

ते कळल्यावर जी मायनर मी स्वतः शोधली, आकडे न विचारता, आणि तिथे खरी मजा आहे, तुमच्या लेखकाने जे म्हटलंय ना की यावर दुःखी सूर निघत नाहीत, त्याचं मूळ मला वाटतं इथे आहे. जी मायनरला सा तोच, पांढरी पाच, उघड्या तारेचा. आता गंधार कोमल करायचा. पण गंधाराची तार तर उघडीच शुद्ध गंधाराला लावलेली, तिला मागे कुठे नेणार, मागे पडदाच नाही, खुंट्या आहेत! दाबून सूर चढतो, उतरत नाही. म्हणजे हे वाद्य लावलेलंच अशा रीतीने आहे की हात फिरवला की हसतं, आणि जो नुसता हात फिरवून बघणार तो म्हणणार हे तर आनंदी वाद्य. मग कोमल गंधार काढायचा कुठून, तर सा च्या तारेवरून, तिसऱ्या पडद्यावर. मग सा गेला, तो हवाच, तो पंचमाच्या दोन तारांवरून पाचव्या पडद्यावर घ्यायचा, आणि पंचम गेला तो गंधाराच्या तारेवरून तिसऱ्या पडद्यावर. ५-३-३-५. घरातली भांडी सगळी या फडताळातून त्या फडताळात गेली पण स्वयंपाक तोच. पहिलं बोट मधल्या दोन तारांवर आडवं, अनामिका चौथ्या तारेवर, करंगळी पहिल्या तारेवर. करंगळी अजून रडते.

ई मायनर त्यामानाने बक्षीस म्हणून मिळते. २-०-०-२, दोनच बोटं, बाहेरच्या दोन तारा दुसऱ्या पडद्यावर दाबायच्या आणि मधल्या दोन उघड्या. शिकणाऱ्याला हीच आधी द्यायला हवी असं माझं मत. इथे सा झाला पांढरी तीन, आणि तिच्यापासून मोजलं तर ती आखूड पाचवी तार, जी आपण चिकारी म्हणून वरचा सा समजत होतो, ती स्वतःच कोमल गंधार होते! तीच तार, तोच टिंग, काही हलवलं नाही, फक्त सा बदलला. आणि ए मायनरला तीच तार कोमल निषाद. आजोबांचा अंगठा काही थांबत नाही, कॉर्ड कुठलीही असो ती तार वाजतच राहते, त्यामुळे त्यांची ए मायनर ऐकताना मला सारखी भीमपलासी रागाची आठवण यायची, ते का ते आता कळलं. (राग झाला असं मी म्हणत नाहीये, जाणकारांनी लगेच पत्र लिहू नये. आपल्या संगीतात कॉर्ड नसते हे मलाही माहितीये, आणि बॅन्जोचे पडदे ठोकून बसवलेले असतात, सतारीसारखे दोऱ्याने बांधून सरकवता येत नाहीत, तेव्हा श्रुतींच्या, सुरांमधल्या बारीक फरकांच्या, गप्पा इथे नकोतच. पण पेटीवाल्यांना त्याचं काय, आम्ही आधीच बदनाम.)

आता दुःखाबद्दल. इथल्या डोंगराळ भागात जुने लोक बॅन्जो नेहमी असा जी ला लावायचेच असं नाही. तारा लावायची आणखी एक रीत आहे तिला सॉमिल म्हणतात, काहीजण माउंटन मायनर पण म्हणतात, तिच्यात दुसरी तार अर्धा सूर चढवून गंधाराऐवजी मध्यमाला लावतात. प, सा, म, प, सां. गंधार काढूनच टाकला! म्हणजे उघड्या तारा ना हसतात ना रडतात, वाजवणाऱ्याने हवा तो गंधार बोटाने घ्यावा. आजोबांनी त्यात एक धुन वाजवली तेव्हा अंगणात अंधार पडत आला होता आणि मला आपल्याकडे मालकंसाला तंबोऱ्याचा पंचम उतरवून मध्यम करतात ते आठवलं. व्हर्जिनियातल्या डॉक बॉग्ज नावाच्या कोळसा खाणीतल्या कामगाराची १९२७ सालची रेकॉर्डिंग्ज आहेत, यूट्यूबवर मिळतात, तुमच्या लेखकाने ऐकावीत. ऐकून नाचावंसं वाटलं तर मला कळवावं.

आणि या वाद्याचा इतिहास तरी कुठे हसण्यासारखा आहे. जावयाने आम्हाला इथून तासाभरावर शेल्बी म्हणून गाव आहे तिथे नेलं, अर्ल स्क्रग्ज तिकडचेच, १९२४ चा जन्म, तीन बोटांनी धो धो वाजवायची जी पद्धत सिनेमात आणि जाहिरातीत सगळीकडे ऐकू येते ती त्यांच्यामुळे जगभर गेली. जुन्या कोर्टाच्या इमारतीत त्यांच्या नावाचं म्युझियम आहे. मी मात्र अडकले भोपळ्यात. पहिले बॅन्जो भोपळ्याचे होते हो! पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या लोकांनी इकडे बनवलेले, भोपळा अर्धा कापायचा, तोंडावर कातडं ताणायचं, काठीचा दांडा. सेनेगल-गांबियाकडे जोला लोकांचं अकाँटिंग म्हणून वाद्य आजही आहे, तीन तारा, त्यातली एक आखूड, आणि वाजवायची पद्धत आमच्या आजोबांसारखीच, नखाने वरून खाली. साउथ कॅरोलायनातलं १७८५-९० च्या सुमाराचं एक चित्र आहे, मळ्यावरचे गुलाम नाचतायत आणि एकजण भोपळ्याचा बॅन्जो घेऊन बसलाय, त्यातसुद्धा ती आखूड तार दिसते. पुढे गोऱ्या लोकांनी तोंडाला काळं फासून थट्टेच्या खेळात हे वाद्य नाचवलं, ते १८४० नंतर, आणि ‘आनंदी’ हा शिक्का बहुतेक तेव्हाच बसला असावा. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरकडून येतात, तिकडचा शेतकरी ते वेलावर वाळवतो, त्यामुळे भोपळा बघितला की मला उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं. ज्यांच्या हातचं हे वाद्य त्यांच्यातच ते वाजवणारे कमी कमी होत गेले, इथल्याच मेबेन गावचे जो थॉम्पसन हे बॅन्जोच्या जोडीला फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्या जुन्या काळ्या वादकांपैकी उरलेले, २०१२ ला गेले, पण त्याआधी रिअ‍ॅनन गिडन्स ही गायिका-वादक आणि तिच्या मित्रांना त्यांनी शिकवून ठेवलं, आता ती जगभर वाजवते. तिच्या बॅन्जोचा आवाजही वेगळा आहे, जाड, खोल, बिनपडद्याचा. असो, विषय फोटोचा होता.

नाही, विषय आणखी एक आहे, तो सांगूनच टाकते. माझा मोठा नातू, मुलाचा मुलगा, मिरजेला असतो. त्याला आम्ही गिटारच्या क्लासला घातलं होतं. त्याला सारेगम येतं, माझ्या मांडीवर बसून शिकलाय. क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात चार्टची झेरॉक्स दिली, त्यावर ठिपके, आणि सांगितलं मेजर म्हणजे हॅपी, मायनर म्हणजे सॅड, ठिपके पाठ करून या. त्याने विचारलं की सर यातला ग कुठला, तर सर म्हणाले इथे ग बिग काही नसतं, हे वेस्टर्न आहे. तीन महिन्यांत गिटार माळ्यावर गेलं. सरांचा दोष असा नाही, त्यांना पण तसंच शिकवलं असणार. पण ज्या पोराला कोमल गंधार ओळखता येतो त्याला मायनर शिकवायला पाच मिनिटं लागतात हो, पाच! आजोबांच्या कागदावरचे आकडे मला तीन आठवडे पुरले, आणि नंतर एका दुपारी सगळं उलगडलं ते केवळ गंधार सापडला म्हणून.

तुमच्याकडे पुरवणीत गाण्याबजावण्याचं पान असतं, त्यात कधी रागाचा परिचय, कधी कुणाची मुलाखत. तिथे एखाद्या जाणकाराकडून गिटार, युकेलेली, बॅन्जो असल्या वाद्यांच्या कॉर्ड सारेगममध्ये लिहून घ्या ना, आठवड्याला एक. पेटी येणाऱ्या बायका गावोगाव भजनी मंडळात आहेत, त्यांच्या घरी नातवाने सोडून दिलेलं एखादं गिटार नक्की माळ्यावर असतं. मी लिहिलं असतं, पण मला तीनच मायनर येतात, आणि त्यातली एक करंगळीवर अवलंबून आहे.

आजोबांना मी काल ५-३-३-५ वाजवून दाखवली, ते म्हणाले ही तर मी शिकवली नव्हती. मग मी पेटीच्या ॲपवर सा, कोमल ग, प दाबून दाखवलं, ते म्हणाले अजून एकदा दाब, आणि स्वतःच्या बॅन्जोवर हुडकायला लागले. पुढच्या महिन्यात मी परत येते, बॅन्जो अर्थात त्यांचा त्यांच्याकडे राहील.

फोटोचं तेवढं बघा. सोपी खूण सांगते: दांड्याच्या मधेच कडेला एक एकटी खुंटी दिसली तर तो मिरवणुकीतला नव्हे, टाइपरायटरसारखी बटणं दिसली तर खुशाल छापा.

आपली नेहमीची वाचक,
मिरज (सध्या मुक्काम शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)